लेण्याच्या तोंडावरचे काळे ओघळ

पातूरची लेणी असोत की कचारगडची गुहा, तोंडाशी काळे ओघळ दिसले की 'धुनीची काजळी' म्हणून माणसं पुढे जातात. पडताळा सोपा आहे. काजळी कोरड्या बोटालाही लागते. ओघळावर पाण्याचे चार थेंब सोडून दहा मिनिटं थांबा. फुगून बुळबुळीत झाला, कडेला हिरवट झाक आली, तर ते सायनोबॅक्टेरिया. धानाच्या बांधीत टाकतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे चुलतभाऊच.

काळा रंग सायटोनेमिनचा. हे रंगद्रव्य पेशीभोवतालच्या चिकट आवरणात असतं आणि अतिनील किरण अडवतं. म्हणून उन्हाच्या तोंडाशी सायटोनेमा आणि ग्लिओकॅप्सा हे सायनोबॅक्टेरिया काळे-तपकिरी, तर चार पावलं आत तीच भिंत निळसर हिरवी. तिथे लेप्टोलिंगब्यासारखे केसाहून बारीक धागे असतात. आणखी आत, जिथे आपल्याला अंधारच वाटतो, तिथे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा अतिलाल उजेड भिंतींवरून परावर्तित होत पोचतो. काही जाती तो क्लोरोफिल-एफ वापरून पकडतात. हे रंगद्रव्य २०१० साली सापडलं. उजेड पूर्ण संपला की प्रकाशसंश्लेषणही संपतं. तिथले पांढरे-पिवळे ठिपके बहुधा दुसऱ्याच जिवाणूंचे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घेतलेला नमुना ज्वारीच्या दाण्याहून मोठा नको, आणि संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ब्लेड लावायचंच नाही. कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून दोन दिवसांत बुरशी जिंकते. ४०० पट मोठं करून पाहिलं की आवरणात दोन-चार गोळे एकत्र दिसतात, ते ग्लिओकॅप्सासारखे. धाग्यात मधेच जाड भिंतीची फिकट पेशी दिसली तर तो हवेतला नायट्रोजन धरणारा. वाढवायचं असेल तर बीजी-११ माध्यम, म्हणजे सायनोबॅक्टेरियासाठीचं क्षारांचं पोषक द्रव. त्यात लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, नायट्रोजन धरणाऱ्यांसाठी ते वगळायचं. थेट ऊन लागलं की आतल्या भागातले पिवळे पडून मरतात. खिडकीला पांढरा कागद लावा. नेमकी जात मात्र डीएनएशिवाय सांगू नका, ग्लिओकॅप्सा आणि त्याच्यासारखाच दिसणारा क्रोकोकिडिओप्सिस भल्याभल्यांना चकवतात.

खरा घोळ बल्बचा. देवाजवळ रात्रंदिवस दिवा लावला की त्याच्याभोवती ओल्या दगडावर हिरवं वर्तुळ धरतं. मग तारेचा ब्रश येतो. त्याने दगडाचा पापुद्रा निघतो, खरखरीत जागेत ओल जास्त टिकते आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट जोमाने येतं. वरून ऑइलपेंट मारला तर ओल आतच कोंडते, रंगासकट कपचे सुटतात. आधी दिव्याचे तास कमी करा, टायमर लावा. शेवाळ वाळलं की मऊ ब्रशने हलकेच झाडता येतं.