डबा कुठल्या सालचा?

"चौतीस वर्षं रेल्वेत काढलीत, मग दूधसागरला जुने डबे आणि वाफेचं इंजिन जोडून सहलगाडी का नाही काढत तुमचे लोक?" पाहुणे विचारतात, भाचे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. वर पुस्ती असतेच, "ती फेरी क्वीन नाही का चालवली!"

चालवली. १८५५ सालचं इंजिन १९९७ साली दिल्ली-अलवर मार्गावर काढलं. पण ते जन्मापासून ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं, आणि आपल्या घाटासारखा चढ त्या वाटेला नाही. उटीची गाडी टिकली कारण तिचे मीटरगेज, म्हणजे अरुंद, रूळ कुणी बदललेच नाहीत. मुरगाव बंदरातून कॅसलरॉकला चढणारी आपली पोर्तुगीज अमदानीतली लाइनही मीटरगेजच होती. पण ती मालाची लाइन. बंदरातला कोळसा वर न्यायचा तर गेज बदलणं भाग होतं. नव्वदच्या दशकात रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटरचं १६७६ झालं आणि त्या लाइनवरची सगळी जुनी गाडी-इंजिनं तिथल्या तिथे निरुपयोगी झाली. शिवाय घाटाच्या पायथ्याच्या कुळ्यापासून वर ३७ फुटांना एक फूट चढ. मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात तिथे. त्या उतारावर लाकडी डबा आणि जुन्या पद्धतीचे व्हॅक्यूम ब्रेक घेऊन पर्यटक कोण उतरवणार? मी तरी सही करणार नाही.

हे उत्तर इतक्यांदा दिलंय की 'सही करणार नाही' हे आता बायकोच स्वयंपाकघरातून म्हणते.

उत्तर खोटं नाही. पण सह्या मी केल्या होत्या, त्या वेगळ्या कागदांवर.

गेज बदलायच्या वर्षी मला कंडेम, म्हणजे मोडीत काढलेल्या, मालाची यादी करायला एका यार्डात पाठवलं होतं. सगळ्यात शेवटच्या साइडिंगला एक लाकडी डबा उभा होता, गँगवाल्यांचं सामान ठेवायला वापरलेला. आत फावडी, घमेली, फाटकी ताडपत्री. खिडकीच्या लाकडी झडपा मात्र जागच्या जागी होत्या. एक वर उचलली तर खोबणीत काळी भुकटी साचलेली, बोगद्यातल्या धुराची. बोटांना लागली, पँटला पुसली. दाराजवळ रंगाचा पापुद्रा सुटला होता. नखाने जरा ओढला तर खाली सागवान, अजून तेलकट. खाली सोलबारवर, म्हणजे डब्याच्या सांगाड्याच्या लांब पट्टीवर, एक पाटी होती, लंबगोल, रंगाच्या थरांखाली अक्षरं बुजलेली. करणाऱ्याचं नाव आणि साल त्याच पाटीवर असतं.

यादीत रकाना होता: बांधणीचं वर्ष.

माझ्या खिशात चाकू होता. पाच मिनिटांचं काम. पण ऊन उतरायला लागलं होतं, अजून अकरा वॅगनी बाकी होत्या आणि वास्कोची गाडी चुकली असती. बरोबरचा फोरमन म्हणाला, "बरय मरे, कोण पळयता!" लिही रे, कोण बघतंय! मी लिहिलं, 'वाचता येत नाही'. महिन्याभरात लिलाव झाला. सागवान वेगळं गेलं, लोखंड वेगळं.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, साल लिहिलं असतंस तरी काय झालं असतं? शंभर वर्षांचा डबा म्हणून कुणी छप्पर घातलं असतं? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही; त्या वर्षी जुनं ते सगळं अडगळ होतं. १९८२ साली पॅलेस ऑन व्हील्स ही पर्यटकांची गाडी निघाली ती संस्थानिकांचे खरे सलून, म्हणजे खासगी डबे, जोडून, पण नंतर तिथेही नवे डबे आले. डेक्कन ओडिसी गोव्यात येते, तिचा थाट राजवाडी, डबे चेन्नईच्या कारखान्यातले. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि मला विचारतात, हे जुनं ना? मी हो म्हणून टाकतो.

पण तो डबा रुळावर चालायला हवाच होता असं कोण म्हणतं? स्टेशनाबाहेर उभा राहिला असता. माझं सगळं गणित चढाचं आणि ब्रेकचं, आणि ते त्या डब्याला लागूच नव्हतं. हे मला निवृत्तीनंतर सुचलं.

परवा भाच्याच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, "आजोबा, तुम्ही पाहिलेला सगळ्यात जुना डबा कुठल्या सालचा?"

तिची वही उघडी होती, पेन तयार. मी म्हटलं, "पुढचा प्रश्न घे."