चेल्लोलेच्या पायरीवर

आईने आळंदी ते पंढरपूर अठरा वेळा पायी केलंय. त्यामुळे इटलीतल्या गाम्बासी तेर्मेहून सकाळी निघताना मी "आज चौदाच किलोमीटर" म्हटलं, तेव्हा बुटाची नाडी आवळत तिने एवढंच विचारलं, "दुपारचा विसावा कुठंय?"

ही वाट विया फ्रांचीजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी, हजार वर्षांहून जुनी. सन 990 मध्ये सिगेरिक नावाचे तिथले आर्चबिशप रोमहून परतले, तेव्हा कुठे कुठे मुक्काम पडला ते लिहून ठेवलं गेलं. त्या यादीत आम्ही आज गाठणार ते सान जिमिन्यानो आहे. "दिंडीच्या पत्रिकेसारखंच की," आई म्हणाली. मला म्युनिकला नोकरी लागल्यापासून तिला ही वाट दाखवायचं मनात होतं, ते या मार्चअखेरीला जमलं.

रात्री पाऊस पडून गेला होता. पांढरट चिखल बुटांना धरून बसत होता, दहा पावलांनी काठीनं खरवडावा लागे. दोन्ही बाजूंना छाटलेले द्राक्षांचे वेल, अजून कोंब न फुटलेले. एक सायकलवाला "बुऑन कम्मीनो" म्हणत गेला. आईने हात जोडले, "माउली, माउली." पांकोलेला देवळाच्या कमानीखालूनच रस्ता जातो. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं ते उडवलं होतं, लोकांनी पुन्हा बांधलं. कमानीखालून जाताना आईने भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला.

विसावा चेल्लोलेला घेतला. दगडी, साधं, आठनऊशे वर्षांपूर्वीचं चर्च, बाजूला सुरूची उंच झाडं. पायरीवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ही जागा मला आईला मुद्दाम दाखवायची होती. इथे महारोग्यांचं घर होतं, गावापासून तासाभराच्या अंतरावर, पण वाटसरूंच्या वाटेलगत. बार्तोलो नावाचा एक पाद्री, जन्म 1228 चा. पिक्केना गावच्या चर्चचा कारभार बघायचा, आलेल्या-गेलेल्याला जेवू घालायचा. त्यालाच महारोग झाला. तो या घरात राहायला आला आणि शेवटची साधारण वीस वर्षं इथल्या रोग्यांचं करत राहिला. 1300 साली गेला.

आईने दशमीचा तुकडा हातातच धरला. "म्हणजे ज्ञानोबा माउलींच्या वेळचा." माउलींची समाधी 1296 ची, हिशेब बरोबर होता. "त्यांनाही वाळीतच टाकलं होतं गावानं," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिली.

पुढचं तासाभराचं अंतर आम्ही जवळजवळ न बोलता चाललो. मग डोंगरावर सान जिमिन्यानोचे मनोरे दिसले. एके काळी सत्तरच्या वर होते म्हणतात, आता चौदा उरलेत. सान मात्तेओच्या वेशीतून आत शिरलो. भिंतींच्या फटींतून पिवळी फुलं फुटली होती. त्यांना इथे सांता फीनाची फुलं म्हणतात. ही फीना गावातलीच मुलगी, आजारानं पाच वर्षं लाकडी फळीवर पडून होती, 12 मार्च 1253 ला गेली. तिच्या समाधीपाशी यात्रेकरू जे वाहत, त्या पैशातून गावाने दवाखाना उभारला. गोरगरीब, म्हातारे, थकलेले वाटसरू, सगळ्यांना तिथे जागा होती. त्या दवाखान्याच्या औषधशाळेतल्या मातीच्या रंगीत बरण्या आजही संग्रहालयात मांडल्या आहेत.

गाव या वाटेवरच मोठं झालं. आणि 1348 ची प्लेगची साथ पसरली ती अशाच रहदारीच्या वाटांनी. जवळच्या पिस्तोया शहरानं त्या वर्षी नियम काढले: पिसा आणि लुक्काहून कुणी यायचं नाही, वापरलेलं कापड आणायचं नाही, अंत्यविधीला घंटा वाजवायच्या नाहीत. 2020 मध्ये आपल्या दारांवर चिकटवलेल्या कागदांची आठवण झाली मला. सान जिमिन्यानोतली निम्म्याहून जास्त माणसं गेली असं सांगतात. 1353 मध्ये थकलेलं गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. वर्दळही हळूहळू खालच्या खोऱ्यातल्या रस्त्यानं जाऊ लागली. नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून हे मनोरे असे उभे राहिले. त्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत मला हे फार लागलं.

वेशीपासून जवळच सांत आगोस्तीनोचं चर्च. आत शिरल्या शिरल्या बार्तोलोची समाधी, 1490 च्या दशकात घडवलेली, संगमरवरी. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला गावाने शेवटी आत आणलं होतं. आईने पिशवीतून बुक्क्याची डबी काढली. समाधीला लावला नाही, परक्यांचं देऊळ म्हणून. आपल्या आणि माझ्या कपाळाला लावला.

डाव्या भिंतीवर बेनोझ्झो गोझ्झोलीचं चित्र आहे, 1464 चं. त्या वर्षी पुन्हा प्लेग आला होता. प्लेगमध्ये लोक ज्याचा धावा करत, त्या संत सेबास्तियनची चित्रं एरवी उघड्या अंगाची, बाणांनी भोसकलेली असतात. इथे तो पूर्ण कपड्यांत शांत उभा आहे. वरून देव प्लेगचे बाण सोडतोय, देवदूतांनी संताचा झगा दोन्हीकडे ताणून धरलाय आणि बाण त्यावर आपटून मोडताहेत. खाली गुडघे टेकून गावातली माणसं, दाटीवाटीनं.

दिव्यासाठी नाणं टाकावं लागतं. मी टाकलं. आई अगदी जवळ गेली.

"त्या वर्षी माउली एसटीनं गेल्या," ती चित्राकडे बघतच म्हणाली. 30 जून 2020 ला पादुका बसमधून पंढरपूरला गेल्या, तेव्हा तिने टीव्हीपुढे उभं राहून टाळ वाजवला होता. त्याआधीचे अठरा दिवस ती पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायची, दिंडीचा त्या दिवशीचा टप्पा जेवढा, तेवढा वेळ. तिच्या दिंडीतल्या चौघीजणी पुढच्या वर्षभरात गेल्या. एकीलाही पोचवायला जाता आलं नाही.

तिने बोट लावलं नाही, नुसतं हवेतून एकेका चेहऱ्यावरून फिरवलं. "ही इंदूसारखी दिसते. ही बघ, पदर घेतलेली." मग तिसरीकडे वळली आणि दिवा विझला.

"अजून नाणं आहे का गं?"

मी खिसे चाचपू लागले.