वाक्य बायकोचं होतं

गुरुवार, रात्री उशिरा

अण्णांच्या पुस्तकाची प्रूफं दुपारी आली. संध्याकाळपर्यंत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, प्रकरणाशी पोचले आणि तिथून पुढे वाचवेना. जेवणं झाल्यावर पुन्हा कागद घेतले, पुन्हा त्याच पानाशी थांबले. घरात कुणाला सांगावं असं काहीच घडलेलं नाही. एक वाक्य आहे, साधं, एका दमात म्हणून होणारं. ते माझं आहे, आणि पुस्तकात ते अण्णांच्या तोंडी आहे.

पुस्तकात असं आहे: दारुड्या नवऱ्याचं सोंग चाललेलं, होम मैदान गच्च भरलेलं, अचानक दिवे जातात, पोरं शिट्ट्या मारायला लागतात, आणि अण्णा अंधारातूनच म्हणतात, "घ्या! लाइटबिलाचे पैसे कुठं गेले ते सगळ्या सोलापूरला कळलं!" मैदान हसून लोळतं. प्रकरण तिथंच संपतं. फार सुंदर लिहिलंय. वाचताना मलाही हसू आलं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अण्णा तसं म्हणाले नव्हते. अण्णा गप्प झाले होते.

ती रात्र मला नीट आठवते. जानेवारीची थंडी, लोक चादरी गुंडाळून बसलेले. एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला मौत का कुआँ, आणि या सगळ्या गोंगाटात आमचा मांडव. अण्णांची एन्ट्री नेहमीसारखी झाली. नुसते दारात उभे राहून चप्पल शोधायचे, ती पायातच असायची, आणि तेवढ्यावर लोक हसत राहायचे. मग बायको म्हणून मी विचारायचं, "कुठं होता इतका वेळ?" त्यांच्याकडे या प्रश्नाची उत्तरं भरपूर होती, मैदान बघून एकेक काढायचे. त्या रात्री पहिलं उत्तर दिलं, हशा झाला, दुसऱ्यासाठी तोंड उघडलं आणि आमच्या मांडवातली लाइट गेली. माइकही गेला. दिव्यावाचून अण्णा म्हणजे काहीच नाही, कारण त्यांचा सगळा विनोद चेहऱ्यावर. भुवई, ओठ, मान. अंधारात त्यांच्याकडे शब्दच नव्हते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आणि मी म्हणाले, "आत्ता कळलं लाइटबिलाचे पैसे कुठं गेले!"

माइक नसताना ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोरींचे आवाज तसेच असतात, आमच्या पूर्व भागात कुणी हळू बोलतच नाही. आधी पुढचे हसले, मग मधले, मग मागून हशाची लाट परत आली. मोकळ्या मैदानात हसू असं उशिरा येतं. हुतात्मा स्मृती मंदिरात वेगळं, तिथं सगळे एकदम हसतात आणि एकदम थांबतात. मैदानात मागचं हसू पोचेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य त्याच्याखाली दबतं. हे मला अण्णांनीच शिकवलं. त्या रात्री मी थांबले. ते हसू पुरतं येईपर्यंत मी अंधारात थांबले, आणि मग अण्णा सावरले, "अगं पण..." म्हणाले, आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

पुस्तकात मी आहे. 'माझ्याबरोबर बायकोचं काम करणारी मुलगी' अशी आहे. ढोलकीवाल्याचं नाव आहे. टेम्पोवाल्याचं आहे. टेम्पोच्या मागे काय लिहिलं होतं तेसुद्धा आहे. एवढी वर्षं रोज रात्री ज्यांच्या प्रत्येक वाक्याला मी टेकू दिला, त्यांना माझं नाव लिहावंसं वाटलं नाही? तेव्हा माझी नाईट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, त्यांच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि मला ती रास्त वाटायची. मग लग्न झालं, मग पुढचं सगळं. ते आज नको.

जोडीतल्या दुसऱ्या माणसाचं असंच होतं का? तमाशातल्या बतावणीत एक विचारतो आणि एक उत्तर देतो. लोकांच्या लक्षात उत्तर देणारा राहतो. विचारणाऱ्याने अर्धा क्षण घाई केली तर उत्तर मरतं, हे पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळत नाही. दादा कोंडक्यांनी 'आये' अशी हाक मारली की थेटर हसायचं, १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून. पण त्या हाकेला ओ देणाऱ्या रत्नमालाबाई होत्या. खऱ्या आईसारख्या वैतागायच्या, खऱ्या आईसारख्या विरघळायच्या, म्हणून ती हाक लागायची. त्यांनी एकदा जरी 'मी विनोदी सिनेमात आहे' असा चेहरा केला असता तरी सगळं पडलं असतं. मी मुलगी असताना दादांकडे बघत नसे, त्यांच्याकडे बघत असे. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

पण माझ्या वाक्याचं वेगळं आहे. ते टेकू नव्हतं. तो हशा माझा होता. आणि मला खरंच पटत नाही की ते वाक्य नवऱ्याच्या तोंडी चालतं. दारुडा स्वतःहून कबूल कशाला करेल? तो तर आत्तापर्यंत एकामागून एक थापा मारत होता. लोक हसले ते तो पकडला गेला म्हणून. महिनोन्महिने बायकोला न लागलेला हिशेब एका अंधारात लागला, म्हणून. मैदानातल्या बायका आधी हसल्या होत्या, मला नक्की आठवतं. पुरुष नंतर. मैदानात कानडी बोलणारे होते, तेलुगू बोलणारे होते, आमच्या सोंगातलं बरंचसं मराठी त्यांच्या डोक्यावरून जायचं, पण त्या वाक्याला सगळे हसले. ज्या घरात असा नवरा आहे त्या घरात ते कोणत्याही भाषेत कळतं.

शुक्रवार, पहाटे

झोप लागली नाही. पुस्तकाचा उरलेला भाग वाचून काढला.

गणपतीतल्या नारळांचा किस्साही आहे. अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावात सुपारी पैशांची ठरली होती आणि हाती आले पोतंभर नारळ. ते आम्ही परतीच्या वाटेवर विकत विकत आलो. अण्णांनी प्रत्येक नारळाचं गिऱ्हाईक रंगवलंय. एकजण नारळ हलवून बघतो, दुसरा विचारतो की कुठल्या देवळातला. पोट धरून हसले मी पहाटे चार वाजता.

आणि मग आठवलं की त्या रात्री अण्णा रडले होते. टेम्पो थांबवून रस्त्याकडेला गेले, आम्हाला वाटलं लघवीला गेलेत. बराच वेळ आले नाहीत म्हणून ढोलकीवाला बघायला गेला आणि तसाच मागे फिरला, काही बोलला नाही. त्यांच्या धाकट्याची फी भरायची होती त्या आठवड्यात. पुस्तकात फी नाही, रडणं नाही, ढोलकीवाला मागे फिरलेला नाही. नारळ आहेत फक्त.

म्हणजे त्यांनी मला एकटीलाच गाळलेलं नाही. स्वतःलाही गाळलंय. ज्या गोष्टीवर हसू येत नाही ती पुस्तकात नाहीच. हे लक्षात आल्यावर थोडं बरं वाटलं. पण वाक्य माझंच आहे.

माझंच का?

हा प्रश्न काल रात्रीपासून मी टाळत होते. ते वाक्य मला सुचलेलं नव्हतं. मी ते ऐकलेलं होतं. मिलमधलं काम सुटल्यावर आमचे बाबा लोकांच्या यंत्रमागावर जायचे, आणि त्यांचं पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. एका रात्री घरातली लाइट गेली. शेजारी उजेड होता, समोर उजेड होता, आमच्याकडेच नव्हता. बाबा दारात उभे होते, कडी चाचपत. आम्ही पोरं भिंतीला टेकून बसलेलो. आणि आई म्हणाली, "आत्ता कळलं लाइटबिलाचे पैसे कुठं गेले." चिडून नाही. बेरीज पुरी झाल्यावर म्हणतात ना, तशी. त्यावर कुणी हसलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत.

होम मैदानावर तेच दार, तसाच नवरा, तसाच काळोख. वाक्य आपोआप बाहेर आलं. मी फक्त ते मोठ्याने म्हटलं.

चार्ली चॅप्लिनच्या आत्मचरित्रातली एक गोष्ट मला फार वर्षांपासून टोचते. १९६४ साली आलं ते पुस्तक. हा पाच वर्षांचा, आई ऑल्डरशॉटला सैनिकांपुढे गातेय आणि मध्येच तिचा आवाज फुटतो. लोक हुर्यो करतात. तिला आत यावं लागतं आणि मॅनेजर या पोराला हात धरून स्टेजवर सोडतो. हा गायला लागतो, लोक नाणी फेकतात, हा गाणं थांबवून नाणी गोळा करतो, लोक हसतात. इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. पुढे तो आईचंच एक गाणं म्हणतो आणि तिचा आवाज जसा फुटला तसा फोडूनही दाखवतो. आणखी हशा, आणखी नाणी. त्या रात्री तो पहिल्यांदा स्टेजवर आला आणि आईचं ते शेवटचं स्टेज ठरलं. त्याने ते लपवलं नाही, सरळ लिहून टाकलं. मला दरवेळी वाटतं, ती विंगेत उभी राहून ऐकत असताना तिला काय झालं असेल? तिचा फुटका आवाज, पोराच्या गळ्यात, आणि लोक खूश.

आई त्या रात्री मैदानात होती. चाळीतल्या बायकांबरोबर बायकांच्या बाजूला बसली होती. कार्यक्रमानंतर भेटली तेव्हा म्हणाली, "साडी छान दिसत होती गं उजेडात." वाक्याबद्दल काही नाही. मीही विचारलं नाही. नंतर कितीतरी कार्यक्रमांत आम्ही ते वाक्य मुद्दाम घेतलं, साऊंडवाल्याला सांगून दिवे घालवायचो. आई पुन्हा कधी आली नाही. संक्रांतीचं काम असतं, म्हणायची. तिने त्या रात्री शेजारणींबरोबर हसू काढलं का, की ती एकटीच

नको.

बाबा पुढे सुटले त्यातून. शेवटची वर्षं चांगली गेली त्यांची. तेही लिहायला हवं.

शुक्रवार, दुपार

अण्णांचा फोन. "वाचून झालं का अक्का?" मी म्हटलं, होतंय. "कुठवर आलीस?" म्हटलं, संपवलं. मग दोघंही थोडा वेळ गप्प. अण्णांना गप्प बसता येत नाही, स्टेजवर नाही, घरात नाही, त्या एका अंधारातच काय ते बसले असतील. "काय गं, बोलेना झालीस? पडलं का कुठं?" पडलं म्हणजे हशा पडला का, कुठं लागला नाही का. ऐंशी ओलांडली तरी त्यांना तेवढीच काळजी आहे. मी म्हटलं, नारळांना पहाटे चारला हसले, घरातले उठले. इतके खूश झाले! मग म्हणाले, "गड्डा?"

त्यांना आठवतंय की काय, असं वाटून माझ्या पोटात धस्स झालं. पण नाही. त्यांना फक्त ऐकायचं होतं की गड्डाही चांगला झालाय. आवाजात कुठंही चोरी नव्हती. त्यांना खरोखर तसंच आठवतं. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी तो किस्सा सांगितलाय, प्रत्येक वेळी एकटेच उभे होते सांगताना. एकट्याने सांगताना बायको कुठून आणणार? दोघांचं बोलणं एकाच्या तोंडी येतं, आणि सांगता सांगता ते त्याचंच होऊन जातं. मला राग धरता येईना. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, तसाच.

म्हटलं, गड्ड्यावर एक खूण केलीय, उद्या घेऊन येते.

आता पेन्सिल घेऊन बसलेय. आधी समासात माझं नाव लिहिलं होतं, ते खोडलं. पूर्ण नाव लिहिलं तर खाली आईचंही लिहावं लागेल, आणि ती आज असती तर म्हणाली असती, आमच्या घरातलं पुस्तकात कशाला. म्हणून एवढंच लिहिलंय: 'अण्णा, हे वाक्य बायकोचं. नवऱ्याच्या तोंडी पडतं. दारुड्याने कबूल केलं की मजा गेली. "सगळ्या सोलापूरला" काढा, "आत्ता कळलं"पासून सुरू करा. आणि हशानंतर तुमचं "अगं पण" घ्या, ते फार चांगलं होतं.'

हे ते लगेच ऐकतील. कुठलं वाक्य कुणाचं यावर अण्णा भांडतील, पण कुठलं वाक्य लागतं यावर कधीच भांडले नाहीत. एका ओळीसाठी पान पुन्हा लावायला लागलं तर छापखानेवाला ओरडेल, त्याला मी बघते. उद्या जाताना शेंगाचटणी न्यायचीय त्यांच्यासाठी, कमी तिखटाची. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, ते मात्र सगळ्यांना उलटंच सांगत असतात.