तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?

‘ताई, तुम्ही बिबट्याच्या बाजूच्या की झोपडीवाल्यांच्या?’ हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. रविवारी मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाते तेव्हा पालक विचारतात, आणि मालाड पूर्वेला पुनर्वसनाचे अर्ज भरून द्यायला बसते तेव्हा वस्तीतली माणसं विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्या पोटात, आणि शहर अगदी अंगाला भिडलेलं. कडेकडेने झोपड्या वाढत गेल्या, तेव्हा १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप हायकोर्टात गेला. १९९७ मध्ये कोर्टाने अतिक्रमणं हटवायला सांगितलं, पण १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल, तर ७,००० रुपये भरून पर्यायी जागा मिळेल असंही म्हटलं. आधी दाखवलेली जागा होती कल्याणच्या पलीकडे. आता तिथून निघून बाईने सकाळी सहाला कांदिवलीच्या सोसायटीत भांडी घासायला पोचायचं कसं? लोक गेलेच नाहीत. बुलडोझर यायचा, झोपड्या पडायच्या आणि थोड्याच दिवसांत बांबू-ताडपत्री पुन्हा उभी. यात जंगलाचा काडीचा फायदा झाला नाही.

मग आलं चांदिवली, म्हणजे मुंबईतलीच जागा. निवारा हक्क सुरक्षा समितीने लावून धरलं, वास्तुविशारद पी. के. दास यांनी आराखडा केला आणि दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर संघर्ष नगर उभं राहिलं. पैशाचं गणित असं, की बिल्डरने तिथे घरं फुकट बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेला टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, शहरात दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. खोली २२५ चौरस फुटांची, पण संडास घरात, दाराला कुलूप आणि कागदावर स्वतःचं नाव. अकरा हजारांहून जास्त कुटुंबं जंगलातून तिथे गेली. शाळा, दवाखाना मागाहून रडतखडत आले, आणि बोरिवली-मुलुंडकडच्या कित्येक बायकांची घरकामं सुटली, हे खरंच. तरी जंगल आणि परवडणारं घर यांची सांगड घालायचा मुंबईतला एवढा मोठा प्रयत्न मला दुसरा माहीत नाही.

घोडं अडलं ते पुढच्या टप्प्याला. पैसे भरलेल्या सगळ्यांना घर मिळालं नाही. एका आजींनी मला त्यांची सात हजारांची पावती दाखवली. देवाच्या फोटोमागे, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. घडीवर फाटलेली, शाई उडत चाललेली, शिक्का तेवढा वाचता येतो. त्यांचा मुलगा ती लॅमिनेट करू या म्हणतो, तर आजी नको म्हणतात. साहेब ओरिजिनल मागतील तेव्हा प्लास्टिक काढताना फाटली तर?

अशीच वाट बघणारी माणसं १ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या टेकडीवर झोपली होती. मुसळधार पावसात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत आंबेडकर नगर-पिंपरीपाड्यावर कोसळली आणि तीसेक जीव गेले. त्या वस्तीत सात हजार भरून बसलेली कुटुंबंही होती. नंतर ‘तिथे राहायला सांगितलं कुणी होतं?’ असं म्हणणारे भेटले. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

बिबट्यांचंही सांगते, कारण पालकांना त्यातच रस असतो. इथे पन्नासेक बिबटे आहेत. वस्तीजवळ त्यांना ओढतात ती कुत्री, आणि कुत्र्यांना ओढतो कचरा. २००२ ते २००४ दरम्यान माणसांवर पुष्कळ हल्ले झाले, त्यात बाहेरून पकडून इथे आणून सोडलेल्या बिबट्यांचाही वाटा होता असं अभ्यासक मानतात. म्हणजे जिथे कचरागाडी रोज फिरते आणि रात्री कुणाला उघड्यावर जावं लागत नाही, अशी वस्ती बिबट्यालाही सोयीची. पण ‘बेकायदा’ वस्तीत गाडी फिरकत नाही, संडासही बांधता येत नाही. मग तुम्हीच सांगा, मी दोन बाजू कशा वेगळ्या करू?

बाजू वेगळी करायचीच असेल तर ती जंगलातल्या आदिवासी पाड्यांची करा. नवापाडा, चिंचपाडा, रावळपाडा इथले वारली, कोकणा हे उद्यान जाहीर व्हायच्या आधीपासूनचे. वाघोबाला नारळ वाढवणारी ही माणसं. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ चा. त्यांचा हक्क त्यात बघायचा सोडून पात्र-अपात्रच्या त्याच यादीत त्यांना कोंबणं मला पटत नाही. अंगण, कोंबड्या, परसातली भाजी हे सगळं सातव्या मजल्यावर कुठे मांडायचं? शिवाय मध्यंतरी पुनर्वसनासाठी जागा शोधली ती कुठे, तर आरेतल्या मरोळ-मरोशीत, ९० एकर. एक जंगल मोकळं करायला दुसरं द्यायचं!

‘मग जागा आणायची कुठून?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला विचाराल तर कामाच्या जवळून. पार्काला लागून टॉवर उभे राहतात, ‘फॉरेस्ट व्ह्यू’ म्हणून कोट्यवधींना विकले जातात, आणि तिथली लादी पुसणारी, गाडी धुणारा, वॉचमन यांना राहायला उरतं ते त्या व्ह्यूमधलंच जंगल. अशा प्रत्येक प्रकल्पात भाड्याच्या थोड्या लहान खोल्या सक्तीने ठेवाव्यात. मालकीच्याच कशाला? मालकीची खोली अडीअडचणीला विकली जाते आणि कुटुंब पुन्हा जंगलाच्या कडेला येतं, हे मी पाहिलंय. रीडेव्हलपमेंटची चर्चा निघाली तेव्हा आमच्याच सोसायटीच्या सभेत मी हे मांडलं होतं. पार्किंग कमी पडेल म्हणाले.