दोन अक्षरांच्या ‘ऊर्फ’साठी अकरा महिने

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासातल्या नव्या घरासाठी पात्र ठरायला अकरा महिने लागले. त्यानंतरची सोडत, करारनाम्याची नोंदणी, सामान बांधून भाड्याच्या घरात जाणं, हे सगळं इतकं पटापट झालं की आता धड आठवतही नाही. आठवतं ते एक रजिस्टर आणि त्यातली एक ओळ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या चाळी १९२०च्या दशकात सरकारच्याच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, म्हणून बीडीडी. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामायिक. पुनर्विकास म्हाडा करते आहे. भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर मालकी हक्काने आणि मोफत, तर खर्च काढायचा तो त्याच जमिनीवरच्या विक्रीच्या घरांतून. म्हणजे उद्या आमच्या शेजारी कोट्यवधी मोजून आलेले लोक राहणार. त्यांना आजोबांचं नाव कोणी विचारणार नाही. आम्हाला विचारलं.

भाडेपावती आजोबांच्या नावावर होती, सखाराम धोंडू. आजोबा गिरणीत होते. छातीचं दुखणं सुरू झाल्यावर गावी गेले आणि १९७४ साली तिथेच वारले. बाबा भाडं भरत राहिले, पावती त्याच नावाने निघत राहिली, आणि नाव बदलून घ्यावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. (तुमची पावती अजून मयताच्या नावावर असेल तर हे वाचणं सोडा, आधी ते काम हातात घ्या.) वारस म्हणून बाबांचं नाव लागायला आजोबांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. कोकणात गावी जाऊन रजिस्टर उघडलं तर नोंद सापडली: ‘बाबू धोंडू’.

गावात आजोबांना बाबूच म्हणायचे. खबर द्यायला गेलेल्याने तेच सांगितलं, लिहिणाऱ्याने तेच लिहिलं. इकडे मुंबईत यादी लागली, तेव्हा आमच्या खोलीपुढे शेरा होता ‘अनिर्णित’. कारण विचारलं तर उत्तर आलं, दाखल्यावरचा इसम आणि पावतीवरचा इसम एकच कशावरून? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खोल्या कशा हडपल्या जातात हे चाळीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

माझा राग आहे तो दाखल्याच्या कार्यालयावर. पहिल्या फेरीत टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, “रजिस्टरात आहे तेच देता येतं.” दुसऱ्या फेरीला मी वाचून गेलो होतो: १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ आहे, चुकीची नोंद दुरुस्त करता येते. त्यावर म्हणाल्या, मग प्रतिज्ञापत्र आणा. तिसऱ्या फेरीला प्रतिज्ञापत्र नेलं, तर आता माहितगार अशा दोन विश्वासू माणसांचे जबाब हवेत. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला ओळखणारे दोन जण, तेही जिवंत! चौथ्या फेरीला साहेब मीटिंगला. प्रत्येक फेरी म्हणजे रात्रीची गाडी, एक रजा, आणि त्या बाकावर दोन तास. त्या बाकाची एक फळी निखळलेली आहे, उठताना पँट अडकते. शिपाई आधी सांगत नाही, अडकल्यावर हसतो. त्रुटीही तशाच, एका फेरीला एक. सगळ्या एकदम सांगितल्या असत्या तर अकरा महिन्यांचे तीन झाले असते.

म्हणून, तोंडी त्रुटीवर घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि त्रुटी लेखी मागा. हे मला पाचव्या फेरीला सुचलं.

जबाबासाठी एक म्हातारबा सापडले, वय ८१. मी नाव काढताच म्हणाले, “बाबू म्हणजेच सखाराम. तेच्या खोलयेत मी सात वर्सां काढलंय, माका विचार.” दुसरा माणूस मिळेना. त्यांनीच मग विचारलं, “जमिनीचो फेरफार बघितलंस?”

नव्हता बघितला. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात तेव्हा फेरफाराची नोंद होते, गाव नमुना सहामध्ये. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढली. पिवळा पडलेला कागद, तलाठ्याचं वळणदार अक्षर: ‘सखाराम धोंडू ऊर्फ बाबू मयत, वारस...’ खाली आजीचा अंगठा आणि बाबांचं नाव. मी ते ‘ऊर्फ’ तिथेच उभ्याने चार वेळा वाचलं. नक्कल बाईंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाल्या, “हे आधी आणायचं ना.”

फेरफार पाहिल्यावर दुसऱ्या साक्षीदाराची निकड संपली. पंधरा दिवसांत दुरुस्त दाखला मिळाला आणि पुढच्या यादीत आमची खोली पात्र. (आत्यांची नाहरकत घेतानाचं रामायण वेगळं आहे, ते घरातच राहू दे.) आणखी एक राहिलं: नकलेच्या दोन सही-शिक्क्याच्या प्रती घ्या, एक प्रत फाईलमध्ये गेली की परत येत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आमचा नंबर त्यांत नव्हता, पण बातमी पाहून म्हातारबांचा फोन आला.

“पाचशे फुटांत किती जणां ऱ्हवतलास?”

“चौघं.”

“मगे बाकीचे खंय निजतले?”