अर्ज आधी भरला, ओळख नंतर आठवली

नोकरी बदलण्याच्या साडेचार महिन्यांपैकी सात आठवडे माझे एका फॉर्मपायी गेले, आणि त्या फॉर्मचा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

पुरवठा नियोजनातील ज्या पदावर माझा डोळा होता, त्याची जाहिरात दिसताच मी त्याच रात्री त्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसले. रेझ्युमे अपलोड केल्यावर पोर्टल त्यातील मजकूर वाचून रकाने स्वतःच भरते, ही सोय वाटते खरी; पण माझा रेझ्युमे दोन कॉलमांत सजवलेला असल्यामुळे डावीकडच्या ओळी उजवीकडच्या ओळींत मिसळल्या, महाविद्यालयाचे नाव पदनामाच्या रकान्यात जाऊन बसले आणि पानाच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन क्रमांक तर पूर्ण गायब झाला. फोन क्रमांक मी हाताने भरला, बाकीचे रकाने उडत उडत पाहिले आणि ‘सबमिट’ दाबले. शेवटी एक साधा प्रश्न होता: तीस दिवसांत रुजू होऊ शकाल का? माझा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असल्याने मी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिले. दोन तासांच्या आत, रात्री सव्वाच्या सुमारास, नकाराचा ईमेल आला.

सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचून माणसाला नाकारते, असे सर्रास बोलले जाते. माझ्या बाबतीत मात्र नकार आला तो कंपनीनेच आधी ठरवून ठेवलेल्या त्या ‘हो-नाही’ प्रश्नामुळे. अशा प्रश्नाचे उत्तर अटीत बसले नाही की अर्ज कोणाच्या नजरेस न पडताच बाजूला पडू शकतो. हे मला नंतर कळले, आणि ज्यांच्याकडून कळले त्यांना मी आधी विचारायला हवे होते.

त्या माझ्या जुन्या सहकारी. चार वर्षांपूर्वी आम्ही एकाच विभागात होतो, त्यानंतर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे संबंध उरला नव्हता, आणि त्या आता त्याच कंपनीत आहेत हे मला लिंक्डइनवर नकारानंतर आठ दिवसांनी दिसले. इतक्या वर्षांनी एकदम काम काढून बोलायचे कसे, या संकोचात आणखी चार दिवस गेले. वास्तविक हा संकोच निराधार आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले होते की त्या ओळखीच्या माणसाशी तुमची गाठ किती वेळा पडत असे. ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम सहाजणांत एक होते, तर अर्ध्याहून अधिक लोकांचे उत्तर ‘अधूनमधून’ असे होते. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात, हे त्यामागचे कारण. मी लिहिलेला निरोप पाच ओळींचा होता आणि त्यात नोकरी मागितली नव्हती. त्या विभागाचे काम कसे चालते हे समजून घ्यायला वीस मिनिटे मागितली होती. उत्तर त्याच संध्याकाळी आले.

त्यांनी आनंदाने माझे नाव रेफरलसाठी, म्हणजे कर्मचाऱ्याची शिफारस म्हणून, घातले, आणि पोर्टलने उत्तर दिले: हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. स्वतः अर्ज केलेल्या उमेदवाराचे रेफरल सहा महिने स्वीकारायचे नाही, असा तिथला नियम. मी अर्ज मागे घ्यायला गेले, तर नाकारलेला अर्ज मागे घेता येत नव्हता. मदतीच्या पत्त्यावर लिहिले, तर तक्रार क्रमांक मिळाला आणि तीन दिवसांनी ‘आपल्या शंकेचे निरसन झाले आहे’ असे कळवून तक्रार बंदही करण्यात आली. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. दुसऱ्या ईमेलवरून नवा अर्ज भरण्याचा मोह झाला होता, पण फोन क्रमांक जुळला तर आपण लपवाछपवी करतो आहोत असे दिसेल, म्हणून त्या सहकारी बाईंनीच मला थांबवले. तुम्हीही तो मार्ग धरू नये.

सातव्या आठवड्यात त्यांनी माझे विभागप्रमुखांशी बोलणे करून दिले. तीस दिवसांची अट वाटाघाटीची होती, हे तेव्हा त्या प्रमुखांच्याच तोंडून ऐकले. त्यांनी एचआरमधील एका व्यक्तीला सांगितले आणि माझा जुना अर्ज हाताने पुन्हा उघडला गेला. त्याला दोन मिनिटे लागली. सात आठवडे आणि दोन मिनिटे, हा हिशेब मी अजून विसरू शकत नाही. पुढच्या तीन मुलाखती सुरळीत झाल्या.

तेव्हा जाहिरात दिसली की आधी त्या कंपनीत कोण ओळखीचे आहे ते शोधावे, आणि फॉर्म नंतर उघडावा. रेझ्युमे एकाच कॉलमचा ठेवावा, संपर्काची माहिती हेडरमध्ये न घालता मुख्य मजकुरात घालावी आणि पोर्टलने भरलेला प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. एक गोष्ट आधी सांगायची राहिली: नोकरीत असताना शोध घेत असाल, तर लिंक्डइनवरील ‘ओपन टू वर्क’ ही नोकरी शोधत असल्याची खूण केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते; ती आपल्या कंपनीतील भरतीवाल्यांपासून लपवण्याचा प्रयत्न होतो, पण त्याची हमी लिंक्डइनही देत नाही. आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना निकाल कळवावा, तो नकाराचा असला तरी.

रुजू झाल्याच्या दिवशी एचआरने माझी नोंद तपासायला दिली. माहिती जुन्या अर्जावरूनच उचललेली होती, आणि ‘मागील पदनाम’ या रकान्यात माझ्या महाविद्यालयाचे नाव होते. दुरुस्तीसाठी मला एक फॉर्म भरावा लागला.