बुधवार

माळ्यावरून दिवाळीचा कंदील काढताना वॉटरबॅग खाली पडली. निळी, गोल, पट्टा तुटल्यावर सुतळी बांधलेली. झाकण उघडून नाक लावलं. चाळीस वर्षं होत आली, पण वास तोच. कोमट प्लास्टिक आणि त्यात कुठेतरी रसना. ज्यांनी त्या झाकणातून पाणी प्यायलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आम्ही डोंबिवलीचे. ‘मुंबई बघायला’ जायचं म्हणजे आई पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची, इतकी की भायखळ्याला नाही, पंढरपूरला निघालोय असं वाटावं. बाबांचा एकच नियम होता, मुक्कामाला पोचल्याशिवाय डबा उघडायचा नाही. ठाण्यालाच भाजीचा वास सुटायचा. समोरचे काका पिशवीकडे बघायचे, आम्ही काकांकडे.

त्या मे महिन्यात राणीच्या बागेपाशी पोचलो तर फाटक बंद. ‘बुधवारी बंद’. बाबांनी पाटी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आई काही बोलली नाही. तिचं न बोलणं भायखळा स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. धाकट्यानं तेवढं विचारलं, “म्हणजे हत्तीला आज सुट्टी?”

“चला, म्हातारीच्या बुटात जाऊ,” बाबा असं म्हणाले, जणू मुळात तेच ठरलं होतं.

मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातला तो बूट. आतल्या जिन्यानं वर चढायचं, तोंड बाहेर काढायचं, खालून आईनं हात हलवायचा, की बूट बघून झाला. मी मात्र आत म्हातारी शोधत होतो. इंग्रजी बडबडगीतातली ती बाई आमच्या मराठी शाळेपर्यंत पोचलेलीच नव्हती. “बाजारात गेली असेल,” बाबा म्हणाले. मला ते पटलं. अजूनही त्याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

डबा रस्त्यापलीकडे, हँगिंग गार्डनमध्ये उघडला. वॉटरबॅगेत शेवटचं एक झाकण पाणी उरलं होतं आणि आमची त्यावरून मारामारी. तेवढ्यात बाबांनी सांगितलं, या हिरवळीखाली मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी आहे, १८८१ मध्ये तिच्यावरच ही बाग केली. आम्ही दोघं दशमी हातात धरून गवताला कान लावून पडलो. काही ऐकू आलं नाही. भावाला आलं, असं तो आजही म्हणतो.

तेव्हापासून कुठेही निघताना मी आधी वार बघतो. बायको याला आजार म्हणते.

गेल्या रविवारी पोरांना राणीच्या बागेत नेलं. २०१६ मध्ये सोलहून आलेल्या पेंग्विनांच्या काचेला दोघं अशी चिकटली की मागची रांग माझ्यावर चिडली. मला ओढ होती ती शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीची. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले.

“फेव्हिकॉलनं?” धाकटीनं विचारलं. मोठ्यानं हत्तीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, “लागलं असेल ना त्याला.” मग दोघांना आइस्क्रीम हवं झालं.

बाबा आले नव्हते, गुडघे. आज वॉटरबॅग त्यांच्या हातात दिली. त्यांनी सुतळीची गाठ चाचपली, स्वतःचीच, आणि विचारलं, “आज वार कोणता?”

“गुरुवार.” आम्ही दोघं खूप हसलो. “मग उघडी असेल बाग,” ते म्हणाले.

मी कंदील पुसायला घेतला. एक बाजू पुसून होते तोवर त्यांनी पुन्हा विचारलं, आज वार कोणता. मी वर बघितलं. ते हसत नव्हते.

“गुरुवार, बाबा.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, त्याच आवाजात.